बे हाथी

तर झालं असं, की २०१८ च्या ऑक्टोबरात मी कंपनीच्या कामासाठी सहा आठवडे मँचेस्टरला होतो. आठवड्याचे पाच दिवस क्लायंटच्या हापिसात बसून बग निस्तरायचे आणि विकांताला खिडकीतून पाऊस बघायचा, असा एकूण कार्यक्रम. (तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. दिवसभर नुसता कुरकुरत बसतो.) त्याच सुमारास गावात 'डिझाइन मँचेस्टर' नावाचा महोत्सव चालू होता. २०१३ साली सुरू झालेला, व्याख्यानं, प्रदर्शनं वगैरे असणारा. आमच्या टीममधला इंटरफेसवाला म्हणाला, "माझ्या ओळखीचा एक छोटा ब्रँडिंग स्टुडिओ आहे. शनिवारी ते लोकांना आत येऊ देणार आहेत. येतोस का?"

फुकट कॉफी होती. गेलो.

आता ब्रँडिंग या शब्दाबद्दल माझं मत तुमच्यापैकी बहुतेकांचं असेल तेच होतं. म्हणजे लोगो थोडा तिरका करायचा, निळ्याचा जांभळा करायचा आणि पाच आकडी बिल लावायचं. स्टुडिओत पाच माणसं, दोन मोठे प्रिंटर आणि एक आळशी कुत्रा. जागा मात्र भारी होती. लाल विटांची जुनी वखार, ओतीव लोखंडाचे खांब, लांबच लांब खिडक्या. मालकीणबाईंनी सांगितलं की इथे पूर्वी कापड बांधायचे. मँचेस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरण्यांची धुराडी येतात, पण गिरण्या बऱ्याचशा आजूबाजूच्या ओल्डहॅम, बोल्टनसारख्या गावांत होत्या. मँचेस्टर शहर होतं ते व्यापाऱ्यांचं आणि गोदामांचं. विणलेलं कापड इथे यायचं, तपासलं जायचं, घड्या घालून त्यावर शिक्के बसायचे आणि मग पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसमध्ये दाबून त्याच्या गाठी बांधून बंदराकडे रवाना व्हायच्या. व्हिटवर्थ स्ट्रीटवर १९०६ च्या सुमाराची अशीच एक प्रचंड इमारत आहे. तिचं नावच 'इंडिया हाउस'. आता तिच्यात फ्लॅट आहेत.

स्टुडिओच्या एका भिंतीवर बरीच रंगीत चित्रं टाचलेली होती आणि ती बघून मी थबकलो. कमळातली लक्ष्मी. वाघ. आगगाडी. छत्री घेतलेली मडमीण. बासरीवाला कृष्ण, जरा जास्तच गोरा. आणि हत्ती, हत्ती, हत्ती. आपल्याकडच्या जुन्या कॅलेंडरांची आठवण यावी असे भडक, गोड रंग. ही होती कापडाची तिकिटं. प्रत्येक ताग्यावर किंवा सुताच्या बंडलावर असं एक चित्र चिकटवून माल हिंदुस्थानात जायचा. व्यापारात त्यांना तिकीट, टिका, छाप अशी नावं होती.

मालकीणबाई म्हणाल्या, एक नवी चहाची कंपनी आली आहे, मसाला चहा विकणार आहे, त्यांना 'जुन्या इंडियाचा' भाव पाहिजे. शेजारच्या कागदावर त्यांचा कच्चा आराखडा होता. दोन हत्ती समोरासमोर, सोंडा वर. मग त्यांनी एका तिकिटावरच्या मजकुरावर बोट ठेवून विचारलं, "तू इंडियन आहेस ना? इथे काय लिहिलंय?"

मी ऐटीत वाकलो. अक्षरांवर शिरोरेघच नव्हती. गुजराती! दुकानांच्या पाट्या वाचून जेवढं येतं तेवढ्या बळावर 'मुंबई' एवढा एक शब्द लावला आणि बाकीचं पुसट आहे असं सांगून वेळ मारून नेली. :-)

पण मग माझ्यातला शाळकरी मुलगा जागा झाला. चौथीच्या वर्गात ऐकलेला बाबू गेनू आठवला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणीत काम करणारा जेमतेम बावीस वर्षांचा पोरगा. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापड भरलेला ट्रक अडवायला तो रस्त्यावर उभा राहिला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. ज्या गाठींसाठी तो मेला, तशाच गाठी ज्या जमिनीवर बांधल्या जात होत्या, तिथे उभा राहून मी कॉफी पीत होतो, आणि समोर त्याच गाठींची चित्रं चहाच्या पाकिटाला 'भाव' म्हणून निघाली होती. मी हे सगळं बोलून दाखवलं. जरा चढ्या आवाजातच. शेवटी म्हणालो, हे हत्ती आमचे आहेत.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कदाचित. पण हे चित्र काढलं इथल्या माणसानं, छापलं इथल्या प्रेसवर, चिकटवलं या खोलीत. मग ते नक्की कुणाचं?"

मला उत्तर देता आलं नाही. कॉफी संपवून बाहेर पडलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे काही विकांत, आणि खरं सांगायचं तर पुण्याला परतल्यावरचेही, त्यातच गेले.

पहिली मजा म्हणजे शब्दाची. पूर्वेकडे व्यापार करणारे इंग्रज मालावरच्या खुणेला 'चॉप' म्हणत. चीनमधल्या विलायती व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत हा शब्द पैशाला पासरी सापडतो. तो आला कुठून? आपल्या 'छाप'मधून. म्हणजे 'ब्रँड'साठी त्या लोकांनी वापरलेला एक शब्द इथूनच उचललेला आहे.

या छापांना कायदा मिळाला तो बराच उशिरा. विलायतेत १८७५ साली ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ ला नोंदणी सुरू झाली. पहिल्या क्रमांकावर बास या बिअरवाल्यांचा लाल त्रिकोण. (त्यांचा कारकून आदल्या रात्रीपासून दारात रांगेत उभा होता असं सांगतात. आयफोनची रांग त्यापुढे काय!) बाकीच्या धंद्यांची नोंदणी बरी चालली, पण कापडवाल्यांनी खात्याला घाम फोडला. कारण छापच इतके. आणि त्यातही वाघ, हत्ती, मोर पुन्हा पुन्हा. कुणाचा हत्ती खरा? शेवटी कापडाच्या छापांसाठी मँचेस्टरच्या जाणकारांची वेगळी समिती बसवावी लागली. जी चित्रं बऱ्याच जणांच्या वापरात आहेत ती कुणा एकाची नाहीत, साऱ्या धंद्याची, असा त्यांचा एकूण रोख. आपण त्याला नेमस्पेसची मारामारी म्हणू.

आणि हे वाचता वाचताच मला तो खटला सापडला.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ लेव्हन नदीचं खोरं आहे. तिथे आर्चिबाल्ड ऑर ईविंग आणि कंपनी सूत रंगवायची. रंग 'टर्की रेड'. हा लाल म्हणजे एकेकाळची मोठी कटकट. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्या, तेल, तुरटी, शेण, रक्त असलं काय काय वापरून आठवडेच्या आठवडे सूत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. पण एकदा बसला की उन्हानं विटत नाही आणि धुतल्यानं जात नाही. १८६८-६९ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतलं रंगद्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत बनवलं आणि मुळ्यांची शेती पार बसली. रंग स्वस्त झाला. हे पक्कं लाल सूत एडन आणि मुंबईच्या बाजारात जाऊ लागलं. आपल्याकडच्या विणकरांना काठापदरासाठी पक्का लाल हवाच असे. माल खपला.

ऑर ईविंगच्या बंडलावर तिकीट होतं, त्यात दोन हत्ती आणि मध्ये निशाण. कंपनीचं नावही होतं, इंग्रजीत. ते वाचणार कोण? बाजारानं स्वतःच नाव पाडलं, 'बे हाथी'. बे म्हणजे गुजरातीत दोन. दोन हत्तींचं सूत. कंपनीनं असं नाव ठेवलं नव्हतं, मुंबई आणि एडनच्या बाजारांनी परस्पर ठेवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर इंग्रजी मजकूर ही नुसती कॉमेंट होती. प्रायमरी की म्हणजे हत्ती.

मग लंडनच्या जॉन्स्टन नावाच्या व्यापाऱ्यांनी त्याच बाजारात लाल सूत धाडायला सुरुवात केली. त्यांच्याही तिकिटावर दोन हत्ती. ऑर ईविंग कोर्टात गेले आणि प्रकरण चढत चढत थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं. निकाल १८८२ साली लागला. (त्याच वर्षी पॅरिसमध्ये माने या चित्रकारानं बारमधल्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र पूर्ण केलं. त्यात कोपऱ्यातल्या बाटलीवर बासचा लाल त्रिकोण दिसतो. छापांना बरे दिवस होते.)

जॉन्स्टनची बाजू ऐकायला अगदी बिनतोड. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवा, फरक उघड दिसतो. कंपनीची नावं वेगळी आहेत. शिवाय आमच्याकडून माल घेणारे व्यापारी काही दुधखुळे नाहीत, त्यांना कुणाचा माल कुणाचा ते नीट कळतं. एकही घाऊक व्यापारी फसल्याचं दाखवा.

लॉर्डांनी हे मानलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की व्यापारी फसला का हा प्रश्नच नाही. माल शेवटी ज्याच्या हातात जातो, तो फसेल का? त्या माणसाला इंग्रजी येत नाही. तो दोन तिकिटं शेजारी ठेवून तुलना करत बसत नाही. तो दुकानात येतो आणि 'बे हाथी' मागतो. दुकानदारानं त्याच्या हातात दुसऱ्याच दोन हत्तींचं बंडल ठेवलं तर त्याला कळणार कसं? असं फसवणुकीचं हत्यार दुकानदाराच्या हाती देणं हाच अन्याय. ऑर ईविंग जिंकले.

मी हे दोन-तीनदा वाचलं. १८८२ साल. राणीचं राज्य ऐन भरात. लंडनमधलं सर्वोच्च न्यायपीठ, समोर एक स्कॉटिश कंपनी आणि एक लंडनची कंपनी, आणि पारडं फिरवतोय कोण? तर इंग्रजी न वाचणारा आपल्या बाजारातला कुणीतरी अनाम गिऱ्हाईक आणि त्याच्या तोंडचे दोन गुजराती शब्द. त्या माणसाला या खटल्याचा पत्ताही नसणार. निकालाचा फायदाही त्याला नाही, तो गेला स्कॉटलंडला. हे विसरून भारावून जाण्यात अर्थ नाही. तरीपण छाप कुणाचा याचं उत्तर शोधायला त्या न्यायाधीशांना मुंबईच्या बाजारातली हाक ऐकावी लागली, हे खरंच.

माझी आजी निरक्षर होती. तिचं सगळं घर छापांवर चाले. काडेपेटी जहाजाची किंवा घोड्याची. दुकानदारानं दुसरी दिली तर ती परत करायची, "ही नाय, घोड्याची दे." कंपनीचं नाव तिला कधीच माहीत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलं नाही. बे हाथी मागणारा माणूस म्हणजे माझ्या दृष्टीनं आजीच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक पक्षाला चिन्ह द्यावं लागलं ते याच हिशेबानं. मतदार सतरा कोटींच्या वर, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. बैलजोडी, झोपडी, दिवा. आणि १९६९ ला काँग्रेस फुटल्यावर बैलजोडी नेमकी कुणाची म्हणून जुंपली, तोही एका अर्थी बे हाथीचाच खटला. (ताजी उदाहरणं तुम्हाला पाठ आहेत, मी कशाला बोलू.)

गंमत अशी, की ज्या देशाच्या बाजारावरून लंडनमध्ये हे सगळं घडत होतं त्या देशात ट्रेडमार्क नोंदवायची सोयच नव्हती. १८८९ साली मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध एक कायदा झाला, त्यात कापडावर लांबी छापण्याची सक्ती वगैरे होती. नोंदणीचा कायदा यायला थेट १९४० साल उजाडलं. तोपर्यंत मुंबईच्या गिरण्याही उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही तिकिटं काढली, आणि चित्रं? तीच. लक्ष्मी, हत्ती, वाघ. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढल्यावर त्याच्या देवी घरोघरी पोचल्या आणि तिकिटांवरही. मँचेस्टरच्या ताग्यावर रविवर्म्याच्या वळणाची लक्ष्मी आणि मुंबईच्या ताग्यावरही तीच! २०२५ साली बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीनं या तिकिटांचं खास प्रदर्शन भरवलं होतं. विषय आता मूडबोर्डावरून म्युझियमात गेला आहे.

पण चित्र गोड म्हणून इतिहास गोड होत नाही. १९१३ मध्ये ब्रिटननं सुमारे सात अब्ज यार्ड सुती कापड निर्यात केलं, त्यातलं तीन अब्जांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात आलं. हे होईपर्यंत आपल्याकडे किती चरखे आणि माग थंडावले असतील याचा हिशेब कुठल्याही तिकिटावर नाही. आपल्याच देवीचं चित्र लावून आपल्याच विणकराचं गिऱ्हाईक ओढायचं, यात जी काही हुशारी आहे तिचं कौतुक मला आजही जड जातं.

म्हणून पुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. बाजारानं ज्या तोंडानं 'बे हाथी दे' म्हटलं होतं, त्याच तोंडानं एक दिवस नको म्हटलं. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात सावरकरांनी विलायती कापडाची होळी पेटवली. ३१ जुलै १९२१ ला परळला गांधीजींनी पेटवली. पण त्यातही छापाची अडचण होतीच. ताग्यावर लक्ष्मी आहे एवढ्यावरून तो मुंबईचा की मँचेस्टरचा कसं ओळखणार? लोक खादी मागू लागले तर गिरण्यांनी खादीसारखं दिसणारं जाडंभरडं कापड काढून तेच खादी म्हणून विकायला सुरुवात केली. शेवटी १९३४ साली इंग्रजांच्याच राज्यात 'खद्दर' या नावाच्या संरक्षणाचा कायदा झाला. हातानं कातलेलं आणि हातानं विणलेलं नसेल तर ते नाव वापरायचं नाही. ज्या सरकारनं खादीवाल्यांना तुरुंगात घातलं त्याच सरकारच्या कायद्याच्या पुस्तकात खादीचा छाप जाऊन बसला. यावर काय बोलणार?

फटका तिकडेही बसला. मंदी, जपानची स्पर्धा आणि त्यात बहिष्कार. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला जाऊन बेकार कामगारांना भेटून आले. मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये, जिथे एकेकाळी कापसाच्या व्यापाऱ्यांची खच्चून गर्दी असे, तिथला व्यवहार १९६८ च्या अखेरीला कायमचा थांबला. १९७६ पासून तिथे नाट्यगृह आहे. शेवटच्या दिवशीचे भाव वर फलकावर अजून तसेच ठेवलेत. मी एका संध्याकाळी आत जाऊन मान वर करून ते आकडे बघून आलो. नाटकाला आलेलं कुणी तिकडे बघत नव्हतं.

मँचेस्टर सोडण्याआधी मी स्टुडिओच्या बाईंना एक लांबलचक मेल पाठवली होती. त्यात बे हाथीची सगळी कथा आणि जोडीला माझ्या त्या दिवशीच्या आवाजाबद्दल माफी. मी लिहिलं, की चित्र तुमचं असेल, माल स्कॉटलंडचा असेल, पण नाव आमच्या गिऱ्हाइकाचं होतं, आणि कोर्टानं किंमत दिली ती नावाला. चहाच्या पाकिटावर हत्ती लावायचे तर लावा, पण हे तुमच्या क्लायंटला एकदा सांगा.

उत्तर दोन आठवड्यांनी आलं. त्यांनी ती मेल क्लायंटला वाचून दाखवली होती. क्लायंट खूश. बे हाथी हेच नाव ठेवू म्हणाला (मी कपाळाला हात लावला). पण मग वकिलानं नोंदणीचे रेकॉर्ड चाळले, तर चहाच्या वर्गात हत्तींची अशी दाटी, की आणखी दोन शिरायला जागा नव्हती. हत्ती साऱ्या धंद्याचे! तेव्हा ते रद्द, आणि लँकेशायरच्या कालव्यांवर दिसणारा करडा बगळा नक्की झाला. मजकुरातून 'जुना इंडिया' पण काढला, असं बाईंनी शेवटी एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ वाचून मला बरं वाटलं.

वर्षभरानं पुण्याच्या पत्त्यावर एक खोकं आलं, त्यात चहाची चार पाकिटं. फारच देखणं काम. क्रीम रंगाचा जाड कागद, एका पायावर उभा राखाडी बगळा, खाली बारीक, झोकदार इंग्रजी अक्षरांत कंपनीचं नाव. त्या अक्षरांवर किती रात्री गेल्या असतील याचा मला आता थोडा अंदाज होता. पाकीट आईच्या हातात दिलं. तिनं चश्मा न लावताच उलटसुलट करून पाहिलं आणि डब्यात ओतून ठेवलं. चहा तिला आवडला.

परवा फोनवर म्हणाली, "अरे, तो तुझा कोंबडीचा चहा संपला बघ. परत कुणी जाणार असेल तिकडे तर सांग."